किसन भाऊजी गाडी मागून बघतात

या, असे जवळ येऊन बसा. उंबऱ्यात उभं राहून बोलायची तुमची सवय काही जायची नाही. आणि आधी माझी बोलणी खा, मग चहा प्या. लेकीला पहिली गाडी घ्यायची म्हणून महिनाभर तुम्ही मोबाईलवर फोटो बघून राहिलात, आणि इथं आखाडा बाळापुरात आमच्या घरी एक माणूस बसलेला आहे, त्याला विचारावंसं वाटलं नाही? फोटोत काय दिसणार आहे? विकणारा गाडीचं तोंड धुतो आणि तोंडाचाच फोटो काढतो. आमचे किसन भाऊजी तोंड बघतच नाहीत. ते आधी गाडीच्या मागं जाऊन उभे राहतात.

"मागून पाहू," म्हणतात. विकणाऱ्याला गाडी हळू चालवायला सांगतात आणि धोतर सावरत तिच्या मागं शंभर पावलं चालतात. हात पाठीशी, मान जराशी वाकडी. मग थांबून निकाल सांगतात. स्वतः गाडीत बसत नाहीत. त्यांना चालवता येत नाही. इंजिन कुठल्या बाजूला असतं हे त्यांना माहीत आहे, पण त्यात त्यांना फार रस नाही.

किसन भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारलं तर म्हणतात, राहून गेलं. चाळीस वर्षं त्यांनी बैल पारखले. बाजाराच्या दिवशी कुठून कुठून माणसं त्यांना न्यायला यायची. हे दात बघायचे, खांदा दाबायचे, मग बैल पुढं चालवायला लावून मागून बघायचे. यांनी "घ्या" म्हटलं की माणूस दुसरं कोणाला विचारत नसे. पुढं घरोघरी ट्रॅक्टर आले आणि न्यायला येणारे थांबले. भाऊजी मात्र बाजाराच्या दिवशी अजून सकाळीच दाढी करतात, धुतलेला रुमाल खांद्यावर टाकतात आणि ओट्यावर बसतात. दुपारी जेवायला आत येतात. मी ताट वाढून ठेवते.

ही नजर त्यांनी माणसांनाही लावली. आमच्या एका पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. मुलाचं शिक्षण झालं, शेती झाली, पोहे झाले. भाऊजी म्हणाले, मुलाला अंगणात वीस पावलं चालायला सांगा. मी पदराआड तोंड लपवलं. मुलगा बिचारा चालला. भाऊजींनी मागून पाहिलं आणि म्हणाले, "सरळ हाय. द्या." आज त्या पुतणीला दोन लेकरं आहेत आणि जावई खरोखर सरळ आहे. पण त्या दिवसापासून भाऊजींना स्थळ बघायला कोणी नेत नाही.

आता गाडीचं सांगते. माझी नात अश्विनी नर्स झाली. सेनगाव तालुक्यात पुसेगावच्या पुढं एका उपकेंद्रावर तिला नेमणूक मिळाली. खोली तिथंच घ्यायची, पण वाड्यावस्त्यांवर फिरायचं काम. तिचा बाप म्हणजे माझा दत्ता. त्याच रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून त्याच्या पायात सळई बसलेली. तो म्हणाला, दोन चाकांवर पोरगी जाणार न्हाई. महिन्याच्या आत चार चाकांची गाडी मिळाली तर जाईल, न्हाई तर ती ऑर्डर कपाटात राहू दे.

आणि गाडी पसंत करायचं काम त्यानं किसन भाऊजींवर सोपवलं. मी त्याची आई आहे. मला कळलं त्याच्या मनात काय आहे ते. बैल आणि तो एक जावई सोडला तर किसनकाकानं कधीही कुठलीही गोष्ट महिन्याच्या आत पसंत केलेली नाही. म्हणजे बापानं नाही म्हटलं नाही आणि पोरगीही घरात राहिली. अश्विनीलाही हे कळलं.

भाऊजींना मात्र कोणीतरी विचारलं याचाच आनंद. दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार नव्हता तरी दाढी केली.

पहिली गाडी गावातलीच. लाल, चकचकीत, भाव बेताचा. भाऊजी तिच्या मागं शंभर पावलं गेले आणि म्हणाले, "मागचा पाय टाकून देते. मार बसलाय." मालक हसला, म्हणाला, आजोबा, गाडीला पाय कुठं असतो. अश्विनीनं मेकॅनिकला बोलावलं. तो खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा म्हणाला, गाडी आपटलेली आहे, खालून ठोकून सरळ केलेली आहे. मालकाचं हसू गेलं. भाऊजींना त्याचं काही नाही. ते रुमाल झटकून घरी आले.

दुसरी गाडी कळमनुरीला एका गुरुजींची. ही मागूनही चांगली चालली. पण भाऊजींचा दुसरा नियम असा की विकणाऱ्याच्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय होकार द्यायचा नाही. जनावर कोणाच्या दावणीला होतं ते बघावं लागतं म्हणे. गुरुजींच्या घरी गेलो. पाणी आलं, चहा आला. भाऊजी खिडकीतून परसात बघत होते. निघताना म्हणाले, ही न्हाई. रस्त्यात मी विचारलं, काहून? तर म्हणाले, "वैनी, शेळी उन्हात बांधलेली, पुढ्यात कोरडं भांडं. त्या माणसानं गाडीचं आइल वेळेवर बदललं असंल का?"

तिसरी गाडी दत्तानंच आणली. भली मोठी, डिझेलची, सात माणसं बसतील अशी, आणि जुनी म्हणून स्वस्त. दत्ताला गाडी कशी, दिसली पाहिजे. भाऊजी म्हणाले, नव्या गाडीवानाला सवयीचा बैल देतात, तू लेकराच्या हाती खोंड देऊन राहिला. दत्ता ऐकेना. मग विम्याच्या कामाचे एक सर होते त्यांना बोलावलं. त्यांनी कागद बघून सांगितलं की इंजिन मोठं तसा विम्याचा हप्ता मोठा, लहान गाडीला तो कमी पडतो. शिवाय या गाडीचा विमा कधीचा संपलेला, म्हणजे गाडीच्या नुकसानीचा विमा हवा तर आधी तपासणी. डिझेल, दुरुस्ती आणि विमा धरून सरांनी बेरीज सांगितली, तेव्हा अश्विनी म्हणाली, बाबा, एवढ्यात माझा पगार संपला. मी खाऊ काय?

त्या दिवसापासून भाऊजींना विमा या विषयाची गोडी लागली. सर रस्त्यात दिसले की हे हात करून थांबवायचे. पुढच्याच्या गाडीला लागलं तर कोण देतं? उंदरानं वायर कुरतडली तर? गाडी उभी असताना वर बाभूळ पडली तर? सरांनी चारदा उत्तरं दिली. पाचव्यांदा ते पलीकडच्या गल्लीनं गेले.

इकडं महिन्याचे आठ दिवस उरले. अश्विनी जेवेना. मी ओट्यावर जाऊन भाऊजींना चांगलं सुनावलं. म्हटलं, तुमच्या पारखण्यात पोरीची नोकरी जाईल, दत्ताला तेच पाहिजे, एवढं कळत न्हाई का तुम्हाला?

भाऊजी खाली बघत होते. म्हणाले, "कळतंय, वैनी. पण जायला काय, कोणतीबी गाडी जाईल. पोरगी तिच्यात बसून परत यायला पाहिजे."

मी आत गेले. अश्विनीला म्हटलं, जेव, मिळेल गाडी.

तीन दिवसांनी हिंगोलीला एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार तरणा, बोलायला गोड, अर्धं हिंदी अर्धं मराठी. कोपऱ्यात एक लहान चंदेरी गाडी होती. पाच माणसांची, एकाच मालकाची, विमा चालू. भाऊजी मागून शंभर पावलं चालले. मग परत शंभर चालले. मेकॅनिक बरोबर होता, त्यानंही मान हलवली. पाणी प्यायचं म्हटलं तर दुकानदाराचं घर दुकानामागंच. त्याचे वडील खाटेवर बसून एका म्हाताऱ्या मांजराला दुधात पोळी कुस्करून देत होते. भाऊजींचा चेहरा उजळला.

आता बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. समोरच्यानं बोटं दाबून हात हलवला की सौदा पक्का. भाऊजींनी त्या दुकानदाराचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि बोटं दाबायला लागले.

दुकानदार घाबरला. "बाबा, क्या कर रहे हो?" म्हणाला. भाऊजी काहीच बोलले नाहीत, सौद्यात बोलत नसतात. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी भिंतीकडं पाहिलं. म्हाताऱ्या माणसाचा हात झिडकारायचा कसा, म्हणून त्यानं आपलं भीत भीत भाऊजींची दोन बोटं दाबली आणि हात सुटावा म्हणून जरा हलवला.

"झाला सौदा," भाऊजी म्हणाले आणि रुमाल काढला.

मग गलका. दुकानदार म्हणे मी काही कबूल केलं नाही, दत्ता म्हणे काका, हा बैलबाजार हाय का? एवढ्यात खाटेवरचे वडील काठी टेकत आले. ऐकून घेतलं. तरुणपणी तेही बैलांचा व्यापार करत, हे आम्हाला तेव्हा कळलं. लेकाला त्यांनी एवढंच विचारलं, "हाथ दिया था ना तूने?" तो म्हणाला, हो, पण. वडील म्हणाले, "फिर हो गया."

भाऊजींनी वडिलांचा हात रुमालाखाली घेऊन ठरलेला भाव सांगितला; किती ते दोन्ही म्हाताऱ्यांनाच ठाऊक होतं. पण कागदावर आकडा आला तेव्हा अश्विनीनं माझा हात घट्ट धरला. तिला झेपेल एवढाच होता.

दत्ताचा डाव असा फसला. पण बाप आहे, गप्प कसा राहील? गाडी नावावर करायची वेळ आली तेव्हा म्हणाला, माझ्या नावानं करा. पोरीचं उद्या लग्न होईल, गाडी घरची राहिली पाहिजे.

विम्याच्या कागदांसाठी बोलावलेले सर समोरच होते. भाऊजींनी त्यांना विचारलं, गाडी याच्या नावानं आणि चालवणार ती, मग तिलाच लागलं तर? सर म्हणाले, मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्या जिवाचा विमा असतो. मालक दुसरा असला तर तिच्यासाठी वेगळं काढावं लागेल.

"तर मंग पोरीच्या नावानं," भाऊजी म्हणाले.

दत्ता म्हणाला, काका, वेगळं काढू की, त्यात काय एवढं. बाप जिता असताना पोरीच्या नावानं कशाला?

भाऊजींनी खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "दत्ता, माझ्या वाट्याची जमीन तुझ्या बापाच्या नावानं झाली. मी कधी बोललो? न्हाई बोललो. आज बोलतो. ही गाडी जी चालवंल तिच्या नावानं कर."

ते जमिनीचं खरं होतं. माझ्या मालकांच्या हयातीत झालेलं, घरात कधी कोणी काढलं नव्हतं. मी मान खाली घातली. दत्तानं कागद अश्विनीपुढं सरकवला.

तिनं सह्या केल्या. सरांनी विचारलं, वारस म्हणून कोणाचं नाव? ती म्हणाली, किसनआबा. भाऊजींना वाटलं, काही मानाचं असेल. ताठ बसले आणि सरांना विचारलं, यात मला काय करायचं असतं? सर कामातले माणूस, सरळ सांगून मोकळे झाले, की हिचं काही बरंवाईट झालं तर पैसे तुम्हाला मिळतात.

भाऊजी उठून उभे राहिले. एवढे दिवस विम्याचे इतके प्रश्न विचारले, पण हा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. "खोडा ते," म्हणाले. "माझं नाव खोडा आधी." आणि बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. शेवटी तिथं अश्विनीच्या आईचं नाव लिहिलं.

पोरगी ठरल्या दिवशी रुजू झाली. आता रोज संध्याकाळी मी तिला फोन लावते आणि भाऊजींच्या कानाला देते. पोरगी कशी आहे, जेवली का, असं ते एकदाही विचारत नाहीत. सगळी चौकशी गाडीची. गाडी सावलीत लावली का? आज गाडी फार फिरली का? थकली असंल, तिला आराम दे. तिकडून अश्विनी सांगते, हो आबा, गाडीनं पोटभर खाल्लं, गाडी आता झोपते. शुक्रवारी भाऊजी म्हणतात, "उद्या गाडीला घेऊन ये. तिचे टायर पाहायचे हायत." ती येते. ते टायरांकडं बघतसुद्धा नाहीत. तिला ओट्यावर बसवतात, आपल्या ताटातली भाकरी मोडून तिच्या ताटात टाकतात आणि ती बोलत असते तेवढा वेळ ऐकत राहतात.

रविवारी ती जाते. मग घर कसं लागतं, काय सांगू. म्हणून म्हणते, तुम्हीसुद्धा लेकीला घेऊन या एकदा. गाडीचं ठरलं असेल तरी या, नसेल तर एस्टीनं या. भाऊजींना काहीतरी विचारा, काहीही विचारा. जेवूनच जा. आणि या म्हटलं की हो हो करता आणि दिवाळी दाखवता, तसं करू नका. याच आठवड्यात या.