गॅरेजचं लायसन्स

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, हे आधीच सांगून टाकतो. शाळा सोळाव्या वर्षी सुटली (मी सोडली, असं मी सांगतो). तेव्हा ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, ते वाचणाऱ्यानं बघून घ्यावं. अवघड शब्दही मला येत नाहीत. पण झालं ते तरी कुठे अवघड होतं? मी एक प्रश्न विचारला, एवढंच.

आम्ही इंग्लंडात ग्रिम्सबीला राहतो, म्हणजे माझ्या बायकोच्या, टॅमसिनच्या, आईवडिलांच्या घरी राहतो, म्हणजे खरं तर त्यांच्या गॅरेजमध्ये राहतो. गाडी विकल्यावर त्यांनी तिथे आधी गालिचा टाकला आणि मग आम्हाला टाकलं. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार आहे. त्याला कडी आहे. ती त्यांच्या बाजूनं आहे. संडासही त्यांच्याच बाजूला आहे.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मला नुसतं ग्लेनिस म्हण." सासऱ्यांनी काहीच सांगितलं नाही, म्हणून दोन वर्षं मी त्यांना मिस्टर थॉर्ली म्हणतो. ते मला कशानंच हाक मारत नाहीत. काही काम असलं तर टॅमसिनला म्हणतात, "तुझ्या त्याला सांग." मला फार काही नको होतं. चार लोकांत एकदा त्यांनी 'हा आमच्यातला' म्हणावं, बस.

तर मासळीच्या कारखान्यात माझ्या शेजारी डगी असतो. तो एक दिवस म्हणाला, "तुमच्या गॅरेजात टीव्ही आहे ना? लायसन्स आहे का?" (इथे टीव्ही बघायलाही दर वर्षी पैसे भरून लायसन्स काढावं लागतं, दर घराला एक.)

"घराचं आहे की. सासऱ्यांच्या नावावर."

"घराचं घराला. तुमची चूल वेगळी असेल तर लायसन्सही वेगळं लागतं. नाहीतर कोर्टात उभं करतात."

"आमची चूल नाही. मायक्रोवेव्ह आहे."

"मग तुला वकीलच लागेल."

मला दोन दिवस झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी लायसन्सच्या ऑफिसला फोन केला. (शहाण्या माणसानं टीव्ही विकला असता.) फोनवरच्या बाई गोड बोलत होत्या.

"घर एकच आहे की दोन?"

"मधे दार आहे."

"बंद होतं?"

"होतं. त्यांच्या बाजूनं."

बाईंनी पत्ता लिहून घेतला. "आमचा माणूस त्या बाजूला येणारच आहे. बघून जाईल."

तो शनिवारी दुपारी आला. पेलम नावाचा, सर्दी झालेला माणूस. आता लायसन्सवाल्यांचं भुतांसारखं असतं, आपण बोलावल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही, हे मिस्टर थॉर्ली दर ख्रिसमसला टर्की कापताना सांगतात. मला ते पाठ होतं. तरी तो दारात शिंकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या ना आत. चहा घेणार?"

बैठकीच्या खोलीत मिस्टर थॉर्ली टीव्हीवर स्नूकर बघत होते. त्यांनी पेलमकडे पाहिलं, मग टॅमसिनकडे. "ह्याला आत कोणी घेतलं? तुझ्या त्यानं?"

"बाबा, ते फक्त विचारायला आलेत."

पेलमनं नाक पुसलं. "घरात कोण कोण राहतं?"

"मी, बायको, मुलगी आणि बस्टर," मिस्टर थॉर्ली म्हणाले.

पेलम माझ्याकडे बघून हसला. "म्हणजे तुम्ही बस्टर."

"मी लाइल. बस्टर कुत्रा आहे."

नाव ऐकून बस्टरनं शेपटी हलवली. (मला असती तर मीही हलवली असती.)

पेलमनं आमचं गॅरेज पाहिलं, कडी पाहिली, संडास कुठे आहे ते विचारलं आणि परत येऊन बसला. "काही अडचण नाही. जावई घरातला आहे, संडास एकच आहे, म्हणजे घर एकच. तुमच्याच लायसन्समध्ये हे बसतात. तुम्ही फक्त म्हणा, हा आमच्या घरातला. मी निघतो."

मी हातातला कप खाली ठेवला. सगळे मिस्टर थॉर्लींकडे बघत होते, बस्टरसुद्धा.

"म्हणून टाक, नॉर्मन," ग्लेनिस म्हणाल्या. "फुकट आहे."

मिस्टर थॉर्लींनी लाल चेंडू खड्ड्यात जाईपर्यंत वाट पाहिली. "दुसरं काढायचं तर कितीला पडतं?"

पेलमनं आकडा सांगितला. मिस्टर थॉर्ली चहाची पिशवीसुद्धा दोनदा वापरतात. मला वाटलं, आता म्हणणार.

"काढा," ते म्हणाले.

"पण कायद्यानं गरज नाही हो."

"कायद्याला नसेल."

पेलम भला माणूस होता. त्यालाच कसंतरी वाटलं. "कमी कसं होईल ते बघू का? घरात कोणी आंधळं असेल तर अर्ध्या किमतीत मिळतं."

"मग टॅमसिनच्या नावावर काढा," मिस्टर थॉर्ली म्हणाले. "तिला डोळे असते तर हा इथे असता का?"

"बाबा."

पण तोवर त्यांनी खिशातून बँकेचं कार्ड काढलं होतं. लायसन्स माझ्या नावावर निघालं. त्यांनी माझं नाव उच्चारलं ते तेव्हा एकदाच, तेही पेलमला लिहून घेता यावं म्हणून, अक्षरं फोडून.

त्या रात्री गॅरेजमध्ये आमचा टीव्ही पूर्ण कायदेशीर चालू होता. कोणी बघत नव्हतं.

"तू विचारलंसच कशाला?" टॅमसिन भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "विचारलं नव्हतं तोवर आपण एकाच घरात होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या दारानं जाऊन एक पितळी कडी आणली आणि मधल्या दाराला आमच्या बाजूनं बसवली. एक स्क्रू तिरका गेला. कडी घातली आणि पलंगावर बसलो. आता घर वेगळं म्हणजे वेगळं. सकाळपासून मी अभिमानानं त्यांच्या बाजूला गेलोही नव्हतो. पण दोन कप चहा झाला होता, आणि चहाला अभिमान नसतो.

मी आमची कडी काढली. त्यांची लागलेली होती. मी दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून मिस्टर थॉर्ली.

"शेजारचा," मी म्हणालो. "जरा संडासला जायचं होतं."

मग कडी सरकली आणि ते बाजूला झाले.

"या," ते म्हणाले.

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला अहो-जाहो केलं.