राजकन्येचा उड्डाण-परवाना

आजोबा वाचून दाखवायचे त्या पुस्तकातली राजकन्या धडाडी दर तिसऱ्या पानाला कुठून तरी झेप घ्यायची, आणि तिच्या पाठोपाठ नात पलंगावरून. दोनदा गुडघे फुटले, एकदा ओठ. शेवटी आजोबांना त्यांच्या मुलीनं बजावलं, "बाबा, आता एक जरी उडी मारली ना, तर सोमवारपासून पाळणाघर. मग बसा एकटेच वाचत."

निवृत्तीनंतर आजोबांची वाट पाहणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते साडेपाच वर्षांचं होतं. काहीतरी करणं भाग होतं.

चौतीस वर्षं परवाना कचेरीत हेडक्लार्क राहिलेला माणूस करून करून काय करणार? पुस्तकात नसलेला मजकूर त्यांनी बेधडक वाचायला सुरुवात केली. राक्षस गाव गिळायला निघालाय, लोक टाहो फोडतायत, पण धडाडी आधी उड्डाण-परवान्याच्या खिडकीवर जाते, अर्ज देते, सही होईपर्यंत बाकावर बसते. नातीला हे फारच आवडलं. चार दिवस घरात एक उडी पडली नाही. आजोबा स्वतःवर बेहद्द खूश होते.

पाचव्या दिवशी जेवण आटोपून ते शब्दकोडं सोडवत बसले होते. डाव्या हाताकडून एक कागद पुढे सरकला. डावीकडून कागद आला की उजव्या हातानं सही करायची, ही त्या हाताची जन्माची सवय. हातानं सही केली, खाली तारीखही घातली. डोकं मात्र आडव्या सातमध्येच अडकलेलं.

थोड्या वेळानं घर फारच शांत वाटलं, तेव्हा त्यांना कागद आठवला. त्यावर काय होतं? एक कपाट होतं. कपाटावर एक मुलगी होती, आणि तिच्या पाठीला टॉवेल होता.

आजोबा धडपडत आतल्या खोलीत गेले. पलंगावरून टेबलावर, टेबलावरून कपाटावर अशी चढाई करून नात वर बसली होती. गळ्यात टॉवेल, मांडीवर मंजूर झालेला अर्ज. पोरगी निवांत पाय हलवत होती.

"खाली ये बघू, बाळा," ते जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले.

"आत्ता नाही उडता येत. जेवणाची सुट्टी आहे. खिडकी दोनला उघडते."

ही सुट्टीही त्यांनीच गोष्टीत घुसवून वाचली होती, दुपारी घटकाभर डोळा लागावा म्हणून. त्यांनी घड्याळ पाहिलं. दोनला तीन मिनिटं कमी. स्टुलावर चढून तिला धरावं तर ती आणखी मागे सरकत होती, आणि स्टूलही डगमगत होतं. सही आपली नाही म्हणावं, तर ती खोटं बोलणाऱ्याचं काही ऐकायची नाही. दोनला एक मिनिट उरलं आणि चौतीस वर्षांची नोकरी आजोबांच्या मदतीला धावली.

"आज काम व्हायचं नाही," ते अगदी कोरडेपणानं म्हणाले. "साहेब मीटिंगला गेलेत."

नातीनं मोठा सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात वाद घालण्याची इच्छा नव्हती. "मग उद्या येते," म्हणाली, आणि टेबलावरून, पलंगावरून, एकेक पाय जपून टाकत खाली आली. आजोबा तिला कुशीत घेऊन मटकन पलंगावर बसले. पोरगी धडधाकट होती, आणि त्यांना रडू येत होतं.

मान वर केली तर दारात मुलगी उभी. हातात किल्ली, खांद्यावर पर्स. कधी आली कोण जाणे, पण चेहऱ्यावरून बरंचसं ऐकलेलं दिसत होतं. आजोबांनी गुपचूप मान खाली घातली. आता पाळणाघर ठरलेलंच.

तिनं लेकीच्या गळ्यातला टॉवेल सोडवला, घडी घातली, आणि हसू दाबत विचारलं, "बाबा, हे साहेब सोमवारीपण मीटिंगलाच असतील ना?"

"सोमवारी?" आजोबांच्या आवाजात पुन्हा हेडक्लार्क बोलू लागला. "अगं, ती लग्न करून सासरी जाईपर्यंत मीटिंग चालणार आहे."