सायरबाईंच्या घरातलं केळं

उद्याचा पाठ आज घरी एकदा करून पाहायचा, ही बद्रीनाथ मास्तरांची जुनी सवय. जालन्याच्या हायस्कुलात ते जूनमध्येच परभणीहून बदलून आले होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यामुळे सायरबाईंच्या माडीवरच्या भाड्याच्या खोलीत रोज संध्याकाळी वर्ग भरायचा तो भांड्यांचा. पुढे वाट्या, मागे पातेली आणि सगळ्यांत मागे, खिडकीशी, तांब्या.

"तर मुलांनो," मास्तर म्हणाले, "साखर, तेल, कापूस, सगळ्यांत कार्बन आहे हे काल पाहिलं. आज दोन वाईट वासांपासून एक चांगला वास तयार करू. तांब्या, इकडं लक्ष दे."

त्यांनी नळीत थोडं अमाइल अल्कोहोल घेतलं, त्यात सिरक्याचं तीव्र आम्ल आणि गंधकाम्लाचे दोन थेंब टाकले आणि नळी गरम पाण्यात धरली. मग सगळं बशीतल्या गार पाण्यात ओतलं. वर तेलकट थेंब तरंगले आणि खोलीभर पिकल्या केळ्यांचा घमघमाट सुटला. मास्तर आनंदाने वर्गाकडे वळले. पातेली गप्प होती.

घमघमाट मात्र जिना उतरून खाली गेला, आणि दिवस नेमका पर्युषणाचा सातवा होता. सायरबाईंच्या घरात ते आठ दिवस फळ नाही, हिरवी भाजी नाही. सून प्रेमबाईने तर आठही दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढायचा नेम धरला होता. रोज संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमून तिच्यासमोर गाणी म्हणायच्या. पारण्याला औरंगाबादहून तिच्या माहेरची माणसं येणार होती.

गाणं मधेच थांबलं. शेजारच्या चंदनबाईंनी नाक वर केलं.

"सायरबाई, केळं खाऊन राह्यलं का कोणी?"

"आमच्या घरात? बिलकुल न्हाई!"

"मंग मला सर्दी झाली असंल," असं म्हणत चंदनबाईंनी प्रेमबाईकडे पाहिलं. प्रेमबाई नुकतीच आतून पाणी पिऊन, पदराने तोंड पुसत आली होती. मग सगळ्यांनीच तिच्याकडे पाहिलं.

तिचा नवरा अमरचंद उठला. त्याने पिठाचा डबा पाहिला, गाद्या उचलल्या, चुलीमागे हात घातला. साल कुठेच नव्हतं.

"सालासकट खाल्लं म्हणायचं!" चंदनबाई म्हणाल्या.

"माँ, मी पाण्याशिवाय काही घेतलं न्हाई," प्रेमबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर मास्तर बशी धरून उभे होते. खोली देतानाच सायरबाईंनी बजावलं होतं, की घरात कांदा, लसूण चालणार नाही आणि नेमाच्या दिवसांत नेम पाळावा लागेल. जालन्यात एकट्या माणसाला खोली मिळणं कठीण. शिवाय रोज जेवणाच्या वेळी सायरबाई खालून ओरडायच्या, "मास्तरजी, जेवले का?" शाळेबाहेर मास्तरांशी कोणी बोलायचं ते एवढंच. खोलीबरोबर तेही गेलं असतं.

प्रेमबाईचा हुंदका ऐकून मास्तर खाली उतरले.

"सूनबाईंनी काही खाल्लेलं नाही. तो वास माझा आहे."

"तुम्ही केळं आणलं? नेमाच्या दिवसांत?"

"आणलं नाही, बाई. नुसता वास तयार केला."

अमरचंद वर पळाला आणि बाटली घेऊन आला. चिठ्ठीवरचं इंग्रजी त्याने एकेक अक्षर जुळवून वाचलं. "अल्कोहोल! माँ, हे तर दारू काढून राह्यले!"

बायकांनी नाकाला पदर लावले.

"ही प्यायची नव्हे," मास्तर घाईने म्हणाले, "विषारी असते."

"विष?" सायरबाई मटकन खाली बसल्या. "परवा पारणं, अन् घरात विष!"

आता तास घेण्यावाचून इलाज नव्हता. "दहा मिनिटं द्या," मास्तर म्हणाले. "तुमच्यासमोर करून दाखवतो. फक्त गरम पाणी लागेल."

त्या घरात गरम पाण्याला तोटा नव्हता. प्रेमबाईनेच आपल्या हंड्यातलं पाणी आणून दिलं. मास्तरांनी आधी बाटली सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली. चंदनबाई ठसकल्या. मग नळी गरम झाली, थेंब बशीत पडले, आणि अंगणात केळं नसताना केळ्याचा वास पसरला.

"अगं बाई, हाच तो!" चंदनबाई म्हणाल्या, आणि सुनेकडे बघायचं त्यांनी टाळलं.

सायरबाईंनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "बिनणी, माझंच चुकलं."

प्रेमबाईने डोळे पुसले. "मास्तरजी, नुसत्या वासानं नेम मोडतो का?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. पातेल्यांनी तर कोणताच विचारला नव्हता. "रसायनशास्त्रात याचं उत्तर नाही," मास्तर म्हणाले. "पण मला वाटतं, मोडत नाही." आणि मग सगळ्या बायकांना त्यांनी पाऊण तास कार्बन शिकवला. कोणी उठलं नाही.

पर्युषण संपलं. क्षमा मागायच्या दिवशी सायरबाई पहिल्यांदाच माडी चढून आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "खमतखामणा, मास्तरजी. चुकलंमाकलं माफ करा." रांगेत मांडलेल्या भांड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. "एवढी भांडी काढली? पाव्हणे येणार का?"

"येतील," मास्तर म्हणाले, "कधीतरी."

दोन दिवस ते वाट पाहत राहिले. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा नळी गरम केली, बशी जिन्याच्या तोंडाशी ठेवली आणि वहाणांचा आवाज ऐकत बसले. वास खाली पोहोचला असावा, कारण अमरचंदचा आवाज आला, "माँ, मास्तरजी केळं करून राह्यले."

"करू दे," सायरबाई म्हणाल्या. "आता चालतं."

मास्तरांनी दिवा जवळ ओढला आणि पुस्तक काढलं. बरीच पानं उलटल्यावर, गंधक असलेल्या काही कार्बनी संयुगांना कांद्याचा वास येतो, असं एक वाक्य सापडलं. कांदा या घरात बाराही महिने बंद होता.

त्यांनी पानात खूण घातली.

"तांब्या," ते म्हणाले, "उद्याच्या पाठाला नीट बस. माणसं येणार आहेत."