आधी खिडकीवर या

तोरसकर अण्णांनी सहा खुर्च्या विकायला काढल्या आणि त्यांच्या सहा वेगवेगळ्या जाहिराती दिल्या. एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या घडीच्या लोखंडी खुर्च्या, रंगही एकच, हिरवा. तरी जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर प्रत्येकीचा स्वतंत्र फोटो आणि स्वतंत्र वर्णन. एकीखाली लिहिलं होतं, 'बसायला उत्तम.' दुसरीखाली, 'हीसुद्धा.' मी म्हटलं, "अण्णा, सहाच्या सहा एकत्र टाका ना, पटकन जातील." त्यांनी माझी कीव आल्यासारखं पाहिलं. "सुनीता, थिएटरात खुर्ची एकेकटीच विकली जाता. आख्खी रांग कोण घेता?"

अण्णा म्हणजे डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतले माझे शेजारी. दादरच्या एका नाट्यगृहात बुकिंग क्लार्क होते. भिंतीला एक अर्धगोल भोक, त्यातून आत येणारा हात, आणि वाकून बघितलं तर त्या हातामागचं तोंड. एवढ्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. त्यामुळे व्यवहाराबद्दल त्यांची एकच श्रद्धा होती, की गिऱ्हाईक समोर आलं पाहिजे. कुणी फोन करून "तीन तिकिटं बाजूला ठेवा" म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "आधी खिडकीवर या." निवृत्त झाले, खिडकी सुटली, वाक्य मात्र सुटलं नाही. लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्या सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी हेच ऐकवलं. तो बिचारा नवरीला घेऊन आला, तेव्हा कुठे अण्णा लग्नाला गेले.

दोन माणसांच्या संसारात सहा खुर्च्या कशाला, हे चाळीत कुणी कधी विचारलं नाही, कारण त्या अण्णांच्या घरी क्वचितच असायच्या. कुणाकडे बारसं, कुणाकडे मुलगी बघायला आलेले, कुणाकडे तेरावं. दारातून "माई, खुर्च्या" अशी हाक आली, की माई, म्हणजे अण्णांची बायको, भिंतीवरच्या खिळ्यांवरून त्या उतरवून द्यायची. उसनी गेलेली वस्तू परत यावी म्हणून अण्णांनी प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर लाल ऑइलपेंटने 'तोरसकर' असं लिहून ठेवलं होतं. माझं माहेर आणि सासर एकाच चाळीत, तेव्हा साखरपुड्यालाही ह्याच खुर्च्या आल्या. नवऱ्याचं आडनाव पेडणेकर आणि फोटोत त्याच्या खांद्यामागे ठसठशीत 'तोरसकर'. अल्बम बघणारा प्रत्येक जण एकदा तरी माझ्याकडे संशयाने बघतोच.

मग माई गेली. त्यानंतर चाळ पुनर्विकासाला गेली आणि खोल्या रिकाम्या करायची नोटीस लागली. बिल्डरने दिलेलं भाडं घेऊन जो तो जागा शोधायला लागला, कुणी शीवला, कुणी वडाळ्याला, कुणी थेट बदलापूरला. आमच्या मजल्यावर एकेक कुलूप वाढत गेलं. खुर्च्या मागायला कुणी उरलंच नाही. अण्णांची मुलगी नागपूरला असते. ती म्हणाली, सगळं विकून टाका आणि माझ्याकडे या. अण्णा विकतो म्हणाले. येतो म्हणाले नाहीत.

मी बँकेत नोकरीला आहे. ऑनलाइन विक्रीत फसलेली माणसं रडवेल्या चेहऱ्याने माझ्या टेबलासमोर येऊन बसतात, तेव्हा मी अण्णांना आधीच बसवून पढवलं. पैसे घेताना क्यूआर स्कॅन करायचा नसतो. पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. पैसे जमा झाल्याचा मेसेज कुणीही बनवून पाठवतो, म्हणून आपलं खातं उघडून बघायचं. 'चुकून जास्त पाठवले, परत करा' असं कुणी म्हणालं, तर खातं बघितल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही. अनोळखी लिंक उघडायची नाही आणि ओटीपी देवालासुद्धा सांगायचा नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एवढा सगळा लक्षात कशाक ठेवूचा? खिडकीवर बोलवायचा. चोर खिडकीवर येवचो नाय."

पहिला फोन आला तेव्हा मी तिथेच होते. समोरचा म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, खुर्ची तातडीने हवी, पैसे आत्ताच पाठवतो. लबाडांचं हे नेहमीचं सोंग. मी हातवारे करून फोन ठेवा म्हणून सांगत होते. अण्णांनी स्पीकर लावला आणि चहाचं आधण ठेवलं.

"गाँव कौनसा तुम्हारा?"

"सर, मैं फौज में हूँ."

"वो समझा. फौज में जाने के पहले किधर का?"

"सर, आपको क्यूआर भेजा है. स्कॅन करके पिन डालो, पैसा आपके खाते में आ जाएगा."

"पूरा जनम मैंने पैसा लिया. लेनेवाला हाथ आगे करता है, कुछ डालता नहीं. तुम ऐसा करो, पहले खिडकी पे आओ."

"कौनसी खिडकी, सर?"

"हमारी. चाय रखा है. तुम्हारा खाना हुआ क्या?"

तो माणूस गोंधळला आणि खाना हुआ म्हणाला. मग काय खाल्लं, कोण करतं, आई असते कुठे, अशी चौकशी सुरू झाली. चोर तरी किती वेळ धीर धरणार? शेवटी त्याने एक शिवी हासडली आणि अण्णांचा नंबर ब्लॉक केला. चोराने कंटाळून ब्लॉक केलेला माणूस अख्ख्या गिरणगावात दुसरा नसेल. मी हसून लोटपोट झाले, पण अण्णा फोनकडे बघत बसले होते. "बोलता बोलता ठेवल्यान," एवढंच म्हणाले.

खरी गिऱ्हाइकंही आली. पहिली खुर्ची शीवच्या एका नर्सने नेली, दुसरी परळच्या एका शिंप्याने. दोघांनाही अण्णांच्या रिवाजातून जावं लागलं. आधी बसायचं, मग गाव सांगायचं, मग चहा, मग त्या खुर्चीवर कोण कोण बसून गेलं त्याची हकीकत. पाठीवरचं नाव खरवडायचं नाही, ही शेवटची अट. "नाव आसला की वस्तू फिरून परत येता," असं ते विकलेल्या वस्तूबद्दल सांगायचे आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. निघताना अण्णा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला जायचे आणि ती माणसं फाटकाबाहेर पडेपर्यंत गॅलरीत उभे राहायचे.

एका रविवारी वडाळ्याचं एक जोडपं आलं. नवीन लग्न, नवीन खोली, उरलेल्या चारही खुर्च्या हव्या होत्या. खाली टेम्पो उभा, हातात रोख पैसे. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

"एक घेवा," अण्णा म्हणाले. "दुसरीसाठी उद्या येवा."

"काका, टेम्पोचं भाडं भरून आलोय आम्ही. चारही द्या ना."

"रोज एकच देतंय."

मुलगा चिडला. मुलीने त्याचा हात धरला आणि दोघं चहा न घेताच जिना उतरून गेली. माझाही तोल गेला. "अण्णा, फसवणाऱ्यांशी तासभर बोलता आणि खरं गिऱ्हाईक आलं की परत पाठवता. हे काय चाललंय?"

अण्णांनी उघडलेली खुर्ची मिटून खिळ्याला अडकवली. "चारय एकदम दिलंय आसतंय, तर आजच संपला आसता गो," ते म्हणाले. "मगे उद्या दारात कोण येतलो?"

तक्रार म्हणून नाही. हाउसफुल्लची पाटी लावताना म्हणावं तसं, साध्या आवाजात. माझ्या घरात तेव्हा खोकी बांधून तयार होती. आठवडाभरात आम्हीही शीवला जाणार होतो आणि त्या मजल्यावर एकटे अण्णा उरणार होते.

आम्ही गेलो. नंतर अण्णाही गेले, पण नागपूरला नाही. वडाळ्याला एका टॉवरमध्ये भाड्याची खोली घेतली. मी अधूनमधून फोन करायची. "बरा आसा," म्हणायचे. येते येते म्हणत माझं जाणं काही होत नव्हतं. बँक, घर, सासूबाईंचे गुडघे. कारणांना तोटा नसतो.

एका सुट्टीच्या दुपारी पुस्तकांसाठी जुनं कपाट मिळतंय का म्हणून ॲप उघडलं, तर हिरवी खुर्ची दिसली. जाळीच्या खिडकीशी ठेवलेली, तोंड दाराकडे. खाली लिहिलं होतं, 'एकच उरली आहे.' मला गलबलून आलं. पण स्वभावाला औषध नसतं. खातं नवऱ्याचं होतं, कुठल्याशा क्रिकेट टीमच्या नावाने उघडलेलं. मी त्यावरून लिहिलं, 'खुर्ची आहे का?'

उत्तर लगेच आलं. 'आहे. आधी खिडकीवर या.'

मी लिहिलं, 'यायला वेळ नाही. क्यूआर पाठवतो, स्कॅन करा. खुर्ची कुरियरने पाठवा.'

यावेळी थोडा वेळ लागला. मग आलं, 'तुम्ही फसवणारे दिसता. तरी चहाला या.'

मी चप्पल घातली आणि निघाले.

दार उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या फोनकडे पाहिलं. बाजूला झाले आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा. गाव खंयचो तुमचो?"

"देवगड," मी म्हटलं.

"देवगडात खंय?"

जन्मापासून मला ओळखणाऱ्या माणसाला मी वाडीसकट सगळं सांगितलं. त्यांनी चहा दिला. मग ह्या खुर्चीवर कोण कोण बसून गेलं ते सांगितलं. त्यात माझा साखरपुडाही आला, नवऱ्याच्या खांद्यामागच्या नावासकट. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी हसले. त्या खोलीत दुसऱ्या कुणाची चप्पल नव्हती, खाली बोलणारी माणसं नव्हती. लिफ्टचा आवाज आला की अण्णांचं बोलणं थांबायचं, आणि ती पुढे निघून गेली की पुन्हा सुरू व्हायचं.

निघताना मी पर्स उघडली. अण्णांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आज नको. उद्या ये."

"उद्या बँक आहे अण्णा. रविवारी येते. खरंच येते."

"ये," ते म्हणाले आणि लिफ्टपर्यंत सोडायला आले. दार बंद होता होता म्हणाले, "जाहिरात तशीच ठेवतंय. तू येईपर्यंत कोणतरी चोर फोन करतलो."