अल क्वोजमधली अस्सल खाडी

ओवेस हे लिहिणारच नव्हता. क्रूझ बोटीच्या पाहुण्यांना सहा तासांत दुबई दाखवणं हे त्याचं काम, आणि त्या कामात लिहायचा हक्क फक्त पाहुण्यांना. जाताना ते फॉर्म भरतात. गाइडने काही लिहिलं तर ऑफिसात त्याला खुलासा म्हणतात. पण कमरुद्दीनचा पासपोर्ट अडकला आणि इलाज उरला नाही.

कमरुद्दीन दापोलीकडचा. बर दुबईच्या खाडीत एकोणीस वर्षं अब्रा चालवायचा, म्हणजे लाकडी होडीतून माणसं या काठाची त्या काठाला न्यायचा. क्रूझ बोटी वाढल्या तशी ओवेसच्या कंपनीने त्याला होडीसकट नोकरीवर घेतला. पासपोर्ट नियमाप्रमाणे कंपनीच्या कपाटात. तो हवा होता फेब्रुवारीत. पोरीचा, सुमैय्याचा निकाह.

पासपोर्ट परत मिळायलाही नियम होता. फॉर्मवरचा सहावा प्रश्न: अनुभव किती अस्सल वाटला? पाचपैकी मार्क द्या. लागोपाठ तीन बोटींनी साडेचारच्या वर दिले की रजा. एकदा जरी दोनच्या खाली आले की खलास. 'माणूस अस्सल नाही' असा शेरा, व्हिसा कॅन्सल, पासपोर्ट हातात, कंपनीच्या तिकिटावर घरी.

डिसेंबरातल्या पहिल्या बोटीने दिले दोन पूर्णांक आठ. शेरा: होडीवाल्याने स्वेटर घातला होता. रेडिओवर क्रिकेट ऐकत होता.

"मॅडम, सकाळी थंडी असते," ओवेस म्हणाला.

उर्मिला मॅडम पुण्याच्या, गेस्ट एक्स्पिरियन्स मॅनेजर. "अरे ओवेस, पाहुणे वाळवंटात आलेत. तिथे थंडी अलाउड नाही."

मग मीना बाजारातल्या शिंप्याला खजुराच्या डब्यावरचं चित्र दाखवून कमरुद्दीनला पारंपरिक वेश शिवला. रेडिओ जप्त. घड्याळ जप्त. मार्क तीन पूर्णांक सहा. शेरा: खाडीत फार माणसं होती. सगळी कामाला चाललेली. डिझेलचा वास.

यावर मीटिंग झाली. अडीच तासांनी एकमताने ठरलं, की अस्सलपणाच्या आड खुद्द खाडीच येतेय.

म्हणून खाडी अल क्वोजला, कारखान्यांच्या भागात हलवली. एका गोडाउनमध्ये. गुडघाभर पाण्याची टाकी, फुल एसी, समुद्रपक्ष्यांची कॅसेट. मधोमध कमरुद्दीनची होडी, बोल्ट मारून घट्ट. मागे रंगवलेली भिंत रुळावरून सरकायची, म्हणजे होडी चालल्यासारखी वाटायची.

"ओवेस, ही हलत का नाय रे?"

"भाय, भिंत हलते. तू फक्त बस."

"आणि करू काय?"

"लांब बघ."

कमरुद्दीन लांब बघायचा. लांब म्हणजे फायर एक्झिट. तिथे बघताना त्याला दापोली दिसायची की काय देव जाणे, पण चेहऱ्यावर असं काही यायचं की एक इंग्लिश म्हातारी रडलीच. "शेवटी खरी दुबई पाहिली," असं तिने फॉर्मवर लिहिलं. चार पूर्णांक नऊ. पुढच्या बोटीला तेवढेच. तिसरीला पाच.

कमरुद्दीन पेढे घेऊन ऑफिसात गेला. मॅडमनी पेढा खाल्ला. "काँग्रॅट्स! पण कमरुद्दीन, आता तुम्ही हेरिटेज आहात. हेरिटेज रजेवर कसं जाणार?"

"मॅडम, पोरीचा निकाह हाय."

मॅडम विचारात पडल्या. मनाने वाईट नव्हत्या. एकदम डोळे चमकले. "अहो, मग इथेच करू या ना! होडीत! सकाळच्या बोटीला निकाह, दुपारच्या बोटीला रिपीट."

"रिपीट?"

"सीझनभर. मुलीचा व्हिसा कंपनी काढेल. नवऱ्याचं बघू, तो नाही आला तरी आपल्याकडे ड्रायव्हर आहेत."

कमरुद्दीनने पेढ्यांचा बॉक्स बंद केला आणि निघाला.

बाहेर पार्किंगमध्ये तो ओवेसला म्हणाला, "मला नापास कर. नोकरी गेली तर जाऊ दे."

"फॉर्मची पेटी सीलबंद असते, भाय. पण पुढची बोट मुंबईहून येतेय. सगळी आपली माणसं."

"मग तर मेलो. आपली माणसं 'बिचारा गरीब' म्हणतात आणि पाच देऊन जातात."

म्हणून ओवेसने हे लिहायला घेतलं. तुम्ही त्या बोटीवर असाल तर कृपा करा, एकच मार्क द्या. म्हातारा लांब बघत असेल. बघू दे. तुम्ही फॉर्मकडे बघा.

पहिलं पान टाइप झाल्यावर त्याने ते कमरुद्दीनला वाचून दाखवलं.

"झ्याक लिवलंस. पण हे वाचून त्यांना माझी जास्तच दया आली तर?"

हे ओवेसच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने स्क्रीनकडे बघितलं. खरंच, वाचणाऱ्याचे डोळे पाणावतील असंच लिहिलं होतं. पाचच देतील. वर फोटोही काढतील.

"तसं झालं ना भाय," तो म्हणाला, "तर कॅसेट चालू असताना, सगळ्यांच्या समोर, टाकीचं बूच मी स्वतः काढतो. वचन."