न लिहिलेल्या तक्रारीची नक्कल

कमठाण्याच्या काशाप्पावर २००३ साली पंचायतीची पाण्याची मोटर चोरल्याचा खटला उभा राहिला. त्याच्या वकील ज्योत्स्नाबाई मैलूरला राहत. बचावाची फाईल नीट लावल्याशिवाय कोर्टाची पायरी चढायची नाही, हा त्यांचा नेम.

“काशाप्पा अण्णा, मोटर भरदुपारी गेली, त्या दिवशी तुम्ही कुठं होता?”

“ठाण्यातच की अक्का. माझ्या दोन मेंढ्या चोरीला गेलत्या. तक्रार द्यायला सकाळधरनं दिवे लागेपत्तोर बाकड्यावर बसलो.”

ज्योत्स्नाबाई हरखल्या. चोरीच्या वेळी आरोपी खुद्द पोलिसांच्या डोळ्यांसमोर! असा पुरावा नशीबवानालाच मिळतो. त्या काशाप्पाला घेऊन तक्रारीची नक्कल आणायला ठाण्यात गेल्या.

“तक्रार लिहूनच घेतली न्हाई,” तिथला तक्रारी लिहून घेणारा रायटर शांतपणे म्हणाला. “म्हणजे हा आलाच न्हाई.”

“मग लिहून घेतली नाही, असा दाखला द्या.”

“न घेतलेल्या तक्रारींचं रजिस्टर ठेवत न्हाई, बाई. ठेवलं तर आम्ही बसायचं कुठं?”

बाईंनी लेखी अर्ज पुढे केला. तो घ्यायचा तर ही माणसं आज आल्याची नोंद करावी लागली असती, म्हणून तोही राहिला. काशाप्पा आता ठाण्यात दोनदा आला नव्हता.

टपालाने धाडलेल्या अर्जाला मात्र तत्पर उत्तर आलं: ‘सदर इसम सदर दिवशी ठाण्यात हजर असल्याची नोंद नाही. सबब तो अन्यत्र असावा.’ त्याची एक प्रत सरकारी वकिलांनी पुराव्यात लावली.

“कागद बोलंना, तर माणसं बोलवा की,” काशाप्पाची बायको अंबुबाई म्हणाली.

बाकड्यावर त्या दिवशी आणखी अकरा जण होते. पहिला सापडला गुरुलिंग.

“वळखतो की! एकाच डबीतली तंबाखू खाल्लो आम्ही. पर माझी बी तक्रार तिथंच अडकलीया. साक्ष दिलो तर ती कोण लिहून घील?”

सापडलेल्या दहाही जणांनी काशाप्पाला प्रेमाने चहा पाजला आणि साक्षीला नकार दिला. जज्जसाहेबांनी शेवटची तारीख दिली.

“अक्का, मी खरंच गेलतो नव्हं?”

“अकरावा कोण होता ते आठवा!”

“नाव ठावं न्हाई. शिकलेला होता. आमचे हाल बघून पुस्तकात तोंड घालून हसायलाता.”

समन्स निघालं आहे. नावाच्या जागी ‘पुस्तक वाचून हसणारा इसम’ एवढंच लिहिलंय. तेव्हा हे वाचताना हसला असाल, तर दार वाजल्यावर उठा. की ‘घरी नाहीत’ म्हणायला कुणाला सांगून ठेवलंय?