गाभ्याची शेवटली आरोळी

श्री. जो बोलवितो आणि जो गप्प करवितो त्या एकास नमन असो. राज्य मागुतीं उठलें तेथून वर्ष तिसरें, मास ज्येष्ठ, ते समयीं गाभ्यांत वर्तलेली हकीकत येणेंप्रमाणें. राज्याचें नांव कोणी सांगत नाहीं, राजाही कोणी पाहिला नाहीं, परंतु राज्याचे भाग दोन हें सर्वांस ठाऊक. बाहेर पेठ आणि आंत गाभा. पेठेंत कोणी वेडावांकडा वर्तला तर त्यास धरून वेशीबाहेर घालवावा आणि पेठ चालूं राहावी. गाभ्यांत मात्र चौकी नाहीं, कुलूप नाहीं, एकाचा हात दुसऱ्याच्या कामास सहज पोंहचे, सर्व कारभार विश्वासावर, म्हणोन तेथें एक चुकला तर सर्वांचा घात. आणि राज्यांत जें कांहीं घडे, जन्म, लग्न, घर, शेत, तें आधीं मेणावर उठवावें आणि मग सवडीनें दगडावर कोरावें अशी चाल होती, कारण मेण झटकन भरे आणि दगडास वेळ लागे. आणि राज्य थांबून पुन्हा उठलें तर दगडावर होतें तेवढेंच उठावें, मेणावरचें विरून जावें, आणि कांहीं विरलें हेंही कोणास आठवूं नये, असा तेथील सृष्टीचा नेम होता.

त्या गाभ्यांत वर्दीच्या खिडकीवर भिवराबाई म्हणून बाई बसत असे. लिहिण्यावाचण्यांत हुशार, आवाज खणखणीत, नजर बारीक. गाभ्यांतील प्रत्येक कामगारानें आपल्या कामाची वर्दी तिजकडे द्यावी, आणि वर्दीच्या प्रती ठरलेल्या. सर्वांत वर घाताची, मग आकांताची, मग बिघाडाची, त्याखालीं इशाऱ्याची, आणि अगदीं तळाशीं किरकोळ, "मुंगी आली, मुंगी गेली" या जातीची. बाईनें वरच्या वर्द्या मोठ्यानें पुकाराव्या आणि झाडून सगळ्या गोल पाटावर लिहाव्या. पाट गोल, त्यास शेवट नाहीं. फेरा पुरा जाहला कीं नवी वर्दी जुनीच्या अंगावर पडे आणि जुनी पुसून जाई. कोठल्या प्रतीपर्यंत पुकारावें हें ठरविण्यास खिडकीस एक खुंटी होती, ती वरखालीं करणें बाईचे हातीं; खुंटी जितकी वर तितकी हलकी वर्दीही पुकारावी. मग त्या वर्षीं भिवराबाईस कन्या जाहली, तिचें बारसें होऊन राही ऐसें नांव ठेविलें, आणि नांवाचें मेण दगडकोठीपुढील थप्पींत जाऊन पडलें. बाईचा जीव तेव्हांपासून थाऱ्यावर नसे. मूल निजलें तर श्वास चालतो कीं नाहीं म्हणोन नाकापुढें बोट धरावें, आणि मूल जागें जाहलें तर पुरेसें कां निजलें नाहीं म्हणोन झुरावें. पाळणा खिडकीशींच टांगिला होता. आणि एके दिवशीं "पागेचें दार करकरतें" ऐशी इशाऱ्याची वर्दी बाईनें पुकारिली तों लेंकरूं दचकून उठलें आणि रडतां रडतां श्वास कोंडून निळें पडलें. बाईचा भ्रतार दावजी, मेण वाहून नेण्याचे कामावर होता, तो धांवत आला आणि म्हणाला, "अगं, ती खुंटी जरा उतरव ना. दार करकरतं हे का ओरडून सांगायचं?"

"आणि काही खरंच असलं तर?"

"खरंच असलं तर बिघाडाच्या प्रतीनं येईल. ते ऐकू येणारच की."

बाईनें पाळण्याकडे पाहिलें आणि खुंटी एक घर उतरविली. मग इशारे पुकारणें बंद जाहलें. गाभ्यांत शांतता पसरली, लोक म्हणूं लागले कीं यंदा कारभार किती सुरळीत चालला आहे, आणि राही पाळण्यांत मुठी आवळून स्वस्थ निजूं लागली.

त्याच सुमारास दगडकोठीवर सिदोजी पाथरवट पेठेंतून नवा आला होता. कारागीर चोख, दारू नाहीं, आळस नाहीं. परंतु गाभ्याची रीत अशी कीं ओळीचा पहिला दगड मोजतां त्यास शून्य म्हणावें, दुसऱ्यास एक म्हणावें. आणि पेठेची रीत सर्वांची तीच, पहिल्यास एक. ही गोष्ट गाभ्यांतील लोकांच्या अंगवळणीं इतकी पडली होती कीं नव्या माणसास सांगावी हें कोणाचे मनींच आलें नाहीं. मग मेणावर दगडाचा जो आंकडा असे तो सिदोजी आपल्या रीतीनें मोजी, आणि प्रत्येक घाव अलीकडच्या दगडावर पडे. ज्याचें घर त्याचें नव्हे, ज्याचें शेत त्याचें नव्हे ऐसें कोरिलें जाऊं लागलें. ओळीचा शून्य आला म्हणजे सिदोजी अडे आणि मागल्या ओळीचा शेवटला दगड धरी, आणि इशाऱ्याच्या प्रतीनें वर्दी देई कीं दगड ओळीबाहेर पडतो, कसें करावें. बाईचें लक्ष पाळण्याकडे, हात आपोआप लिही, वर्दी पाटावर पडे आणि मुंग्यांचे वर्द्यांखालीं पुसून जाई.

मग एके सकाळीं खिडकीशीं तुळजाई कासारीण केस सुटलेली ऐशी आली आणि कपाळ बडवून बोलली, "बाई, माझा नवरा मला घरात घेईना! म्हणतो, तू कोण? माझी बायको ती पलीकडची. आणि पलीकडची पण मेली चूल पेटवून बसली आहे माझ्या घरात!"

"भांडण झालं असेल, तुळजाई."

"भांडण कसलं? दगडावर जाऊन बघा. तिथंच तसं आहे. आता दगडालाच तसं वाटतंय तर मी कोणाच्या तोंडाला लागू?"

भिवराबाईनें पाट फिरविला, मुंग्याच मुंग्या, मुंग्याच मुंग्या, आणि एके ठिकाणीं सिदोजीची एक ओळ अर्धी उरलेली दिसली. मग राहीस खांद्यावर टाकून बाई तशीच दगडकोठीस गेली आणि म्हणाली, "सिदोजी, थांबा. मोजता कुठून तुम्ही?"

"पहिल्यापासून, वहिनी. एक, दोन, तीन."

"अहो, इथं पहिला तो शून्य!"

सिदोजीची छिन्नी हातींच राहिली. मग हळूच बोलला, "मला कोणी सांगितलं ते? इशारा देत होतो, वहिनी. रोज देत होतो. कोणी हाक दिली नाही, तेव्हा वाटलं, इथं असंच असेल."

राहीनें बाईचा पदर तोंडांत घालून चोखण्यास आरंभ केला होता. इतक्यांत दिवाण अवधूतपंत आले, वृद्ध, सज्जन, चालतां धाप लागणारे, आणि त्यांनीं ओळींवरून हात फिरवून पाहिलें आणि भुईवर बसले. मग म्हणाले, "किती बिघडले ते कळायचं नाही आता. बिघडलेल्या दगडावरून लोकांनी नवं मेण भरलं, त्या मेणावरून यानं पुन्हा दगड कोरले. खरं कोणतं, सांगणार कोण? भिवराबाई, आरोळी द्या."

आरोळी म्हणजे काय तर सांगतों. गाभ्यांतील घात ज्यानें डोळ्यांनीं पाहिला त्यानें "गाभा थांबला" ऐसें पुकारावें, आणि पुकारतांच राज्यांतील प्रत्येक हात जेथल्या तेथें थिजावा, छिन्नी उचललेली ती उचललेलीच राहावी, आणि मग सर्व विझून, चुकीच्या दगडावर पडलेला घाव आपोआप भरून यावा आणि शुद्ध दगडांवरून राज्य नव्यानें उठावें. पूर्वजांनीं हा कठोर नेम केला, कारण चुकीचें राज्य चालूं ठेवण्यापेक्षां थांबलेलें राज्य बरें, थांबलेल्याचे दगड तरी वांचतात. भिवराबाई म्हणाली, "पंत, माझ्या राहीचं मेण अजून थप्पीत आहे."

"ठाऊक आहे."

"ती राहायची नाही."

"माझ्या नातवाची मुंज काल झाली, बाई. सुनेला दिवस गेले आहेत. सगळं मेणावरच आहे. मला काय आठवणार आहे उद्या?" ऐसें म्हणून पंतांनीं उपरण्यानें डोळे पुसले.

मग सिदोजी उठला आणि थप्पींतून राहीचें मेण काढून आणिलें आणि म्हणाला, "वहिनी, एवढं एक कोरतो. शून्यापासून मोजून, हळू. माझ्या हातून झालं, माझ्या हातानं एवढं वाचू दे." बाईनें मान हालविली. तिनें नको म्हटलें नाहीं, तिच्यानें म्हणवलेंच नाहीं. सिदोजीनें शून्यापासून मोजिलें, राहीचा दगड आला, आणि छिन्नी टेकितो तों त्या दगडावर नांव होतें. लहानसें, ताजें, बाळाचें. बाईनें विचारिलें, "हे कोणाचं?"

"माझ्याच हाताचं आहे."

"अहो, पण कोणाचं? चुकून इथं पडलंय, की याचंच आहे हे?"

"सांगता यायचं नाही, वहिनी. मी घाव घातला तर हे जाईल, एवढं कळतं."

भिवराबाई त्या नांवाकडे पाहात राहिली. कोणा बाईनें बारा दिवस जागून ठेविलेलें नांव असेल, कोणी त्याच्याही नाकापुढें बोट धरीत असेल. मग तिनें सिदोजीच्या हातून मेण काढून घेतलें आणि म्हणाली, "ठेवा ती छिन्नी." आणि राहीस खांद्यावरून काढून दोहीं हातीं छातीशीं धरिलें. पंत म्हणाले, "मूल खाली ठेवा, बाई. आरोळीच्या वेळी हात मोकळे असावेत."

"हात मोकळे असावेत असं कुठं आहे, पंत? आरोळी लोखंडी पटावर उमटते, कोणी कोणाला हाक दिली ते उमटतं, आणि त्या घडीला हातात काय होतं ते उमटतं. एवढंच आहे. माझ्या हातात हे आहे."

बाईनें राहीच्या टाळूवर ओठ टेकिले, आणि लेंकरूं मोठ्या आवाजास दचकतें म्हणोन तिचा एक कान आपल्या छातीस दाबिला, दुसऱ्यावर तळवा ठेविला, आणि खिडकीवरचा तो खणखणीत आवाज काढून पुकारिलें, "गाभा थांबला!" आणि कासारीण रडतां थांबली, दावजीचा वर उचललेला पाय वरच राहिला, सिदोजीची ठेवूं घातलेली छिन्नी भुईस पोंहचली नाहीं, आणि मग सर्व विझलें.

मग राज्य उठलें. दगड शुद्ध, चुकले घाव भरून आलेले. कासारीण आपल्या चुलीपाशीं, कासार तिचे हातचें जेवीत. लोखंडी पट राज्याबरोबर विझत नाहीं, म्हणोन प्रथेप्रमाणें पंतांनीं तो सर्वांपुढें वाचिला, कीं कासारणीनें बाईस सांगितलें, बाईनें पाथरवटास विचारिलें, ओळ चुकली शून्यावरून, खुंटी उतरलेली होती. पाथरवटाचे हातीं छिन्नी, दिवाणाचे हातीं ओलें उपरणें, भिवराबाईचे हातीं तान्हें मूल. पंत थांबले आणि म्हणाले, "भिवराबाई, हे मूल कोणाचं?"

"ठाऊक नाही, पंत. मला कुठलं मूल? माझी कूस अजून उघडली नाही."

"मग उमटण्यात काही चुकलं असेल."

दावजी बाजूस उभा होता, तो हळूच बोलला, "अगं, तुझी चोळी भिजली आहे." बाईनें पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "पाणी सांडलं असेल." आणि खिडकीशीं जाऊन खुंटी सर्वांत वर केली, तशी आज्ञा अद्याप निघाली नव्हती, आणि तो सारा दिवस मुंग्यांच्या वर्द्यादेखील कान देऊन ऐकत बसली. काय ऐकावयाचें राहिलें आहे हें तीस कळेना. दावजीनें जेवावयास हाक मारिली तरी उठली नाहीं.

तात्पर्य, आरोळी वेळेवर पडली, दगड वांचले, सिदोजीस शून्याची रीत शिकविली आणि तो आजतागायत कामावर आहे. राज्याचें नुकसान कांहीं जाहलें नाहीं ऐसें सर्वांचें मत पडलें. राही म्हणून एक कन्या होती. तिचें सुतक धरणारें कोणी नाहीं, म्हणोन इतकें लिहून ठेविलें. लेखनसीमा.